सूर्य सर्वांचा, मग वीज कोणाची?

शेतीला सूर्याची वीज देण्याच्या घोषणा आज सर्व पक्षांची सरकारे करीत आहेत. कर्नाटक सरकारने २०१४ साली 'सूर्य रैत' योजना आणली. महाराष्ट्राने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ साली तिला नवे रूप दिले. केंद्र सरकारची 'कुसुम' योजना २०१९ सालची. घोषणांचा भाग वजा केला तरी मूळ कल्पना चांगली आहे आणि कामगार चळवळीने तिला मनापासून पाठिंबा दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र पाठिंबा देणे म्हणजे डोळे मिटून टाळ्या वाजविणे नव्हे. सूर्य सर्वांचा आहे हे खरे. पण त्याचे ऊन ज्या जमिनीवर पडते ती जमीन, ते ऊन झेलणारी पॅनेल आणि ती वीज वाहून नेणारी तार यांची मालकी कोणाची, यावर त्या विजेचा लाभ कोणाला मिळणार हे ठरते.

रेल्वे कामगाराने शेतीच्या विजेत का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. त्याला तीन उत्तरे आहेत. एक, आपला ट्रॅकमन, खलाशी, पॉइंट्समन आजही बहुधा शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घरातून येतो. तो रुळावर असतो तेव्हा त्याचा भाऊ विहिरीवर असतो. दोन, रेल्वे ही देशातील सर्वांत मोठ्या वीज ग्राहकांपैकी एक आहे. डिझेल जाऊन जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्गांवर विजेची तार आली, त्यामुळे वीज कोठून आणि कोणत्या अटींवर येते हा आपल्या प्रशासनाच्या आणि आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न झाला आहे. तीन, शेतकरी आणि कामगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे विजेचे बिल. शेतकरी फुकट वीज वापरतो म्हणून तुमचे बिल वाढते, असे शहरातल्या कामगाराला सांगितले जाते. या सांगण्याचा पाया उखडण्याची संधी सूर्याच्या विजेने प्रथमच आली आहे.

रात्रीची पाळी

शेतीची वीज म्हणजे काय हे शहरातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. कर्नाटकात शेतीच्या पंपांची संख्या तीस लाखांच्या वर आहे आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या विजेचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांना लागतो. महाराष्ट्रातही पंपांचे प्रमाण असेच मोठे आहे. ही वीज चोवीस तास मिळत नाही. थ्री फेज दिवसाचे सहासात तास मिळाली तर भाग्य, आणि तीही पाळीपाळीने, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. औष्णिक वीज केंद्र रात्री बंद करता येत नाही. त्या वेळी कारखाने आणि कचेऱ्यांचा भार कमी झालेला असतो. मग उरलेली वीज शेताकडे वळविली जाते.

म्हणून बारा-एक वाजता बॅटरी घेऊन शेतकऱ्याने बांधावरून मोटार सुरू करायला जायचे. ओल्या जमिनीत उभे राहून स्टार्टरला हात लावायचा. साप, रानडुक्कर, काही भागांत बिबट्या, आणि सर्वांत मोठा वैरी म्हणजे लोंबकळणारी तार. एक फेज गेला तर मोटार जळते. भार वाढला तर डीपी जळते आणि ती बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळते. रात्रपाळी काय असते हे रेल्वे कामगाराला कोणी सांगायला नको. पण आपल्या रात्रपाळीला ड्यूटीचा तक्ता असतो, भत्ता असतो, अपघात झाला तर भरपाईचा कायदा असतो. शेतकऱ्याच्या रात्रपाळीला यांतले काहीही नाही.

सूर्याची वीज हे चक्र उलटे फिरविते. ती दिवसाच तयार होते आणि पिकाला पाणी द्यायची वेळही दिवसाचीच. गावच्या सबस्टेशनजवळ दोन-चार मेगावॅटचा प्रकल्प उभा केला आणि तो शेतीच्या फीडरला जोडला, तर वीज दूरच्या औष्णिक केंद्रातून आणावी लागत नाही, वाटेतली गळती वाचते आणि शेतकऱ्याला दिवसा आठ तास पाणी मिळते. कोळशाच्या विजेपेक्षा ती स्वस्तही पडते. त्यामुळे वीज कंपनीचा तोटा आणि त्याबरोबर इतर ग्राहकांवर टाकला जाणारा बोजा, दोन्ही कमी होऊ शकतात. महाराष्ट्राच्या योजनेमागची मूळ कल्पना हीच आहे आणि ती योग्य आहे.

दिव्याखाली अंधार

पण योग्य कल्पनेचा लाभ योग्य माणसाला मिळतोच असे नाही, हे सांगायला आपल्या या भागाचाच इतिहास पुरे आहे. पाण्यापासून वीज हीदेखील न संपणारी ऊर्जा. कावेरीवर शिवनसमुद्र येथे म्हैसूर संस्थानाने वीज केंद्र उभारले. १९०२ साली तेथून जवळजवळ दीडशे किलोमीटर तार ओढून वीज नेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना, म्हणजे जॉन टेलर या ब्रिटिश कंपनीला. १९०५ साली ती बंगळूर शहराला मिळाली. ज्या खेड्यांच्या डोक्यावरून ही तार गेली त्यांच्या घरांत मात्र त्यानंतर कित्येक दशके रॉकेलचीच चिमणी जळत होती. खाणीतले सोने संपत आले, २००१ साली खाणी बंद झाल्या आणि हजारो कामगारांचे संसार उघड्यावर पडले.

महाराष्ट्रात मुळशीची आठवण जुन्या लोकांना आहे. टाटा कंपनीच्या धरणासाठी मावळातल्या भातशेतीच्या जमिनी घेतल्या गेल्या. वीज जायची होती मुंबईच्या गिरण्यांना, कारखान्यांना आणि रेल्वेला. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करून पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. धरण झालेच. मुंबईची लोकल १९२५ साली विजेवर धावू लागली, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या काळच्या विजेमागे मुळशीकरांची बुडालेली खाचरे आहेत, हे रेल्वे कामगाराने विसरता कामा नये.

वीज स्वच्छ होती की नव्हती, हा त्या वेळी प्रश्नच नव्हता. शिवनसमुद्रची वीज स्वच्छ होती, मुळशीचीही होती. प्रश्न न्यायाचा होता आणि सूर्याच्या विजेतही तोच प्रश्न आहे.

पावगड्याचा हिशेब

बंगळूरच्या उत्तरेला, दीडशे किलोमीटरहून थोडे पुढे, तुमकूर जिल्ह्यात पावगडा तालुका आहे. जवळजवळ सर्व बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला, पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. पाणी खोल गेलेले आणि जे आहे त्यात फ्लोराइड. पावसाच्या भरवशावर भुईमूग पेरायचा आणि मेंढरे राखायची, नाही तर बंगळूरला येऊन बांधकामावर माती वाहायची. तुमकूर-रायदुर्ग हा रेल्वेमार्ग याच तालुक्यातून जाणार म्हणून तो २००७-०८ साली मंजूर झाला होता. रेल्वेच्या आधी तेथे सौर पार्क पोहोचला. तिरुमणी, वल्लूर, बळसमुद्र, क्यातगानचेर्लू आणि रायचेर्लू या पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचा हा पार्क उभा आहे. मार्च २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि २०१९ अखेर तो पूर्ण झाला. जगातील सर्वांत मोठ्या सौर पार्कांत त्याची गणना होते.

या पार्कची एक गोष्ट निश्चित चांगली आहे. येथे जमीन सरकारने सक्तीने घेतली नाही आणि विकतही घेतली नाही. सुमारे २,३०० शेतकऱ्यांकडून ती पंचवीस वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. सातबारावर (कर्नाटकात त्याला पहाणी म्हणतात) नाव शेतकऱ्याचेच राहिले. ज्या जमिनीत दुष्काळी वर्षी बियाण्याचेही पैसे निघत नव्हते, तेथे ठरलेले भाडे मिळू लागले. मुळशीपेक्षा ही निश्चितच पुढची पायरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

पण आता साधा हिशेब करू. एक मेगावॅटला पावगड्यात सहा एकरांहून थोडी अधिक जमीन लागली. म्हणजे मूळ दराने भाडे झाले सुमारे एक लाख तेहतीस हजार रुपये. एका मेगावॅटपासून वर्षाला १५ लाख युनिट वीज धरली आणि युनिटला तीन रुपये धरले, तर उत्पन्न होते ४५ लाख रुपये. यात जमीनमालकाचा वाटा सुमारे तीन टक्के. कंपनीला यंत्रसामग्रीचा खर्च आहे, कर्जाचे व्याज आहे, हे आम्हाला मान्य आहे. तरीही ते कर्ज फिटल्यावर पुढची वर्षे ऊन फुकट आणि उत्पन्न जवळजवळ निव्वळ असते. त्या वर्षांतही शेतकऱ्याला भाडेच मिळणार. दोन एकरवाल्याला मूळ दराने महिन्याला पडतात साडेतीन हजार रुपये.

आणि ज्याला दोन एकरही नाहीत त्याचे काय? पावगड्याचा खरा प्रश्न येथे आहे. भुईमुगाची लावणी, खुरपणी, काढणी यांवर जगणारी मजूर कुटुंबे होती. पडीक रानात मेंढरे चारणारे धनगर होते. शेती थांबली तेव्हा जमीनमालकाला भाडे मिळाले आणि मजुराची मजुरी गेली. कुंपण पडले तेव्हा मेंढपाळाचे कुरण गेले. भाडेपट्ट्याच्या कागदावर यांपैकी कोणाचेही नाव नाही, कारण कागद जमिनीचा होता, श्रमाचा नव्हता. जी कामे निघाली ती पॅनेल पुसण्याची, गवत कापण्याची आणि राखणदारीची. ती ठेकेदारामार्फत आणि पूर्वीच्या शेतमजुरीच्या मानाने थोड्यांनाच मिळाली. बायकांच्या हाताला तर त्यातले फारच थोडे काम आले.

महाराष्ट्रातही सावध राहण्याचे कारण आहे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या नव्या रूपात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार, आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर ठरला. पावगड्याच्या दुपटीहून अधिक असलेला हा दर स्वागतार्ह आहे. परंतु त्याच योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी नाममात्र भाड्याने प्रकल्पांना देण्याची सोय आहे. गायरान म्हणजे रिकामी जमीन असे मंत्रालयातून दिसते. गावात राहणाऱ्याला ती तशी दिसत नाही. मराठवाड्यात तर भूमिहीन दलित कुटुंबे दोन-दोन पिढ्या गायरान कसून पोट भरतात आणि ती नावावर व्हावी म्हणून लढे देत आली आहेत. ज्याच्याजवळ सातबारा आहे त्याला एकरी पन्नास हजार, आणि ज्याच्याजवळ फक्त श्रम आहेत त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

भाडेकरू की मालक?

मग उपाय काय? शेतकरी आणि गाव स्वतःच वीज उत्पादक होणे, हा उपाय आहे. तो पुस्तकी नाही. त्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंढी नावाचे गाव आहे. तेथे सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सौर वीज उत्पादकांची सहकारी मंडळी काढली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेची त्यांना मदत होती. २०१६ साली या मंडळीने वीज कंपनीला वीज विकायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांचा करार झाला आणि त्याच्या बदल्यात त्यांनी सवलतीच्या शेती जोडणीवरचा हक्क सोडला. पिकाला लागेल तेवढी वीज पंपाला आणि उरलेली तारेवर. त्यामुळे वीज हेच एक पीक झाले.

यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. नुसता सौर पंप दिला तर ऊन आहे तोवर मोटार चालू ठेवायला काही खर्च येत नाही. मग पाणी उपसले जाते, ते लागो वा न लागो. कोलार भागात बोअर हजार फुटांच्या खाली गेले आहेत. तेथे फुकटचा पंप म्हणजे उरलेल्या पाण्यालाही नारळ. पण उरलेली वीज विकता आली की शेतकरी स्वतःच मोटार बंद करतो, कारण उगाच उपसलेल्या पाण्यातून त्याचे विजेचे पैसे बुडतात. कायद्याचा दंडुका किंवा फुकट विजेवरची व्याख्याने यांच्यापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. कर्नाटकात कनकपुरा तालुक्यातील हारोबेले भागात 'सूर्य रैत' योजनेखाली सुमारे तीनशे पंपांचा असा प्रयोग बेस्कॉमने हाती घेतला, तोही याच विचाराने.

सहकार म्हटला की आपल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बुडालेल्या बँका आणि साखर कारखान्यांचे राजकारण त्यांच्या डोळ्यांपुढे येते. ती शंका रास्त आहे. विजेच्या सहकारात आपल्याच मुलखात दोन्ही उदाहरणे घडली. १९६९ च्या सुमारास देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचे पहिले प्रयोग झाले. त्यांतली एक बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची आणि एक नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरेची. मुळा-प्रवरा संस्थेवर थकबाकीचा डोंगर चढला आणि २०११ साली तिचा परवाना संपून वीज वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र अर्धशतक उलटून गेले तरी आपल्या तालुक्यात वीज वितरण करीत आली आहे. म्हणजे सहकार आपोआप तरतही नाही आणि आपोआप बुडतही नाही. हिशेब चोख ठेवला, बिल वसूल केले आणि सभासद जागा राहिला तर तो टिकतो. रेल्वे कामगारांच्या पतसंस्था आपण चालवितो. कर्ज वेळेवर फिटले पाहिजे आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारले पाहिजेत, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. डेन्मार्कच्या राजधानीसमोर समुद्रात २००० साली मिडेलग्रुंडन येथे वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निम्म्या शहराच्या वीज संस्थेच्या आणि निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासद असलेल्या सहकारी संस्थेच्या. शिक्षक, कारकून, कामगार असे सामान्य लोक त्या पवनचक्क्यांचे मालक आहेत.

मग आपल्याकडे हे सर्रास का होत नाही? अडचण भांडवलाची आहे. 'कुसुम' योजनेच्या पहिल्या भागात शेतकरी, सहकारी संस्था आणि पंचायती यांनी दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभारावेत आणि असे १०,००० मेगावॅट व्हावेत, असे उद्दिष्ट होते. या उद्दिष्टाच्या मानाने प्रत्यक्ष काम फारच मागे राहिले. एका मेगावॅटला कोट्यवधी रुपये लागतात. बँक तारण मागते. बड्या कंपनीला बँकेचे दार सताड उघडे असते. शेतकऱ्यांच्या मंडळीला त्याच बँकेत बाकावर बसवून ठेवतात. शेवटी शेतकरी म्हणतो, भाडे तरी मिळू दे. अशा रीतीने मालक होऊ शकणारा माणूस भाडे घेणारा होऊन राहतो.

बंगळूरमध्येच याचे उत्तरही सापडले आहे. १९९५ साली येथे सुरू झालेल्या 'सेल्को' संस्थेने खेड्यातल्या गरीब घरांना सौर दिवे दिले ते दान म्हणून नव्हे. बँकेचे कर्ज मिळवून दिले, ग्राहकाची कमाई ज्या पद्धतीने हाती येते त्या पद्धतीने हप्ते बांधले आणि दुरुस्तीची सोय जवळ ठेवली. तिचे संस्थापक हरीश हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गरीब माणूस हप्ता फेडतो, पण हप्ता त्याच्या पिकाच्या तालाने हवा आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा जवळ हवा. शेतीच्या सौर प्रकल्पालाही हाच नियम लागू आहे.

पॅनेल पुसणाऱ्याचे काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे श्रमाकडे येऊ. सौर प्रकल्पाला माणसे कमी लागतात, हे खरे आहे. पण जी लागतात ती कायम लागतात. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून ती पुसावी लागतात. इन्व्हर्टर बिघडतो, वायरी उंदीर कुरतडतात, गवत वाढले की सावली पडते आणि उन्हाळ्यात आगीची भीती असते. पंचवीस वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाचे हे पंचवीस वर्षांचे काम आहे. मग ते अकरा महिन्यांच्या ठेक्यावर का? रेल्वेत स्टेशन सफाई, चादरी धुणे, डब्यांची साफसफाई ही कायम स्वरूपाची कामे ठेक्याने दिल्यावर काय झाले, ते आपण पाहिले आहे. मजुरी कागदावर एक आणि हातात एक. भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही. ठेकेदार बदलला की माणूस घरी. सौर क्षेत्र नवे आहे. तेथे हीच वाईट सवय मुरण्याआधी आपण पोहोचले पाहिजे.

त्याचबरोबर सार्वजनिक वीज वितरण वाचविण्याचा प्रश्न आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वीज दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्याआधी २०२०-२१ च्या दिल्लीच्या सीमेवरील आंदोलनात शेतकऱ्यांनीही वीज विधेयक मागे घेण्याची मागणी केली होती. ४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील वीज कर्मचारी समांतर वितरण परवान्याच्या विरोधात संपावर गेले. खाजगीकरण करणार नाही असे आश्वासन सरकारने त्याच दिवशी दिल्यावर संप मागे घेतला गेला. शेतकरी आणि वीज कर्मचारी या प्रश्नावर एकाच बाजूला आहेत, कारण तार खाजगी झाली तर नफ्याचे ग्राहक खाजगीकडे आणि शेतीचा फीडर सरकारी तोट्याच्या खात्यात, हे दोघांनाही दिसते.

करार वाचल्याशिवाय सही केली तर काय होते, ते दाभोळने महाराष्ट्राला शिकविले. एन्रॉनच्या प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ साली झाला. १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला, कारण ती वीज राज्य वीज मंडळाला परवडेना. त्याच केंद्राची वीज पुढे २०१५ पासून काही वर्षे रेल्वेने घेतली. सौर प्रकल्पांचे करारही पंचवीस-पंचवीस वर्षांचे आहेत. आज जे गावपातळीवर सही करतात त्यांची नातवंडे तो करार भोगणार आहेत. तेव्हा करार मराठीत, कन्नडमध्ये, गावकऱ्याला कळेल अशा भाषेत ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे, एवढी साधी मागणी आपण लावून धरू शकतो.

आपण काय करायचे

रेल्वे प्रशासनाने सौर विजेचे काम सुरू केले आहे. मध्य प्रदेशात बीना येथे १.७ मेगावॅटचा प्रकल्प २०२० साली थेट ट्रॅक्शनच्या तारेला जोडला गेला. २०३० पर्यंत कार्बनचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे रेल्वेचे जाहीर उद्दिष्ट आहे. त्यासाठी रेल्वेला प्रचंड प्रमाणात सूर्याची वीज विकत घ्यावी लागेल. ती सर्वच्या सर्व बड्या कंपन्यांकडून का घ्यावी? रेल्वेसारखा खात्रीचा ग्राहक पाठीशी असेल तर शेतकऱ्यांच्या मंडळीला कर्ज नाकारणे बँकेला जड जाईल. येथे रेल्वे कामगार संघटना नुसता ठराव करून थांबणार नाही. संयुक्त सल्लागार यंत्रणेत ती हा विषय मांडू शकते.

म्हणून महासंघाने आणि संलग्न संघटनांनी पुढील मागण्या घेऊन गावागावांत, शेतकरी आणि शेतमजूर संघटनांना बरोबर घेऊन जावे, असे आम्ही सुचवितो:

१. शेतीच्या प्रत्येक फीडरला दिवसा किमान आठ तास थ्री फेज वीज मिळावी. रात्रीची पाळी बंद करण्याची तारीख प्रत्येक वीज कंपनीने जाहीर करावी.

२. दोन मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, पंचायती आणि बचत गट यांना प्राधान्य मिळावे. त्यांच्या कर्जाला सरकारची हमी असावी.

३. भाड्याने जमीन घेतली तर भाड्याबरोबर विजेच्या उत्पन्नातला ठरावीक वाटाही द्यावा. त्यातला एक हिस्सा त्या गावातील भूमिहीन मजूर आणि मेंढपाळ कुटुंबांच्या नावे राहावा.

४. गायरान जमीन ग्रामसभेच्या संमतीशिवाय आणि तेथे कसणाऱ्यांचे, चारणाऱ्यांचे पुनर्वसन झाल्याशिवाय देऊ नये.

५. प्रकल्पातील कायम स्वरूपाच्या कामावर कायम कामगार असावा. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि सुरक्षा साधने सर्वांना मिळावीत. स्थानिक मुलामुलींना आयटीआयमध्ये या कामाचे शिक्षण द्यावे आणि कामावर घेताना त्यांना अग्रक्रम असावा.

६. वितरणाची तार सार्वजनिक मालकीची राहावी.

७. रेल्वेने आपल्या सौर खरेदीतला निश्चित भाग शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून घ्यावा.

यांतील एकही मागणी आकाशातली नाही. भाडेपट्टा पावगड्यात झाला, सहकार ढुंढीत झाला, वितरण हुक्केरीत झाले, कर्जाची पद्धत बंगळूरमध्ये झाली. आजवर हे तुकडे सुटे राहिले, कारण त्यांना एकत्र बांधणारी ताकद उभी राहिली नाही. शेतकरी एकटा मागतो तेव्हा त्याला अनुदान मिळते. शेतमजूर एकटा मागतो तेव्हा त्याला आश्वासन मिळते. कामगार एकटा मागतो तेव्हा त्याला समिती मिळते. तिघे एकत्र बसले तर करारात कलम मिळू शकते. आणि पंचवीस वर्षे टिकते ते कलम.

येत्या शाखा सभांत प्रत्येक शाखेने हा विषय घ्यावा. ज्यांचे गाव सौर प्रकल्पाच्या यादीत आहे त्या सभासदांनी आपल्या गावच्या कराराची प्रत मागवावी आणि ती शाखेत वाचून दाखवावी. कामाला सुरुवात तेथूनच करायची आहे.

कामगार-शेतकरी एकजुटीचा विजय असो!